सहा बाय आठचं जोतं

मार्तंडांनी बांधलेलं तुळशी वृंदावन पहिल्या वर्षी अगदी सरळ होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आता ते कोणालाच आठवत नाही.

मार्तंड केळुसकर म्हणजे माझे यजमान. बोलताना मी त्यांना 'अहो' म्हणते आणि इतरांपाशी 'आमचे हे', पण लिहिताना सारखं 'हे, हे' केलं तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून इथे नावाने. साकीनाक्याच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं मशिनींचे पाये घातले. मशीन कोणीही विकत आणतो, पाया घालायला अक्कल लागते, असं त्यांचं मत आहे. मला बघायला आले होते तेव्हा कांदेपोहे खाता खाता त्यांनी ते सांगितलं होतं. दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नुकतीच लागले होते आणि दिवसभर लोकांची बडबड ऐकून माझे कान किटायचे, त्यामुळे एकच वाक्य बोलणारा माणूस मला बरा वाटला.

ते निवृत्त झाल्यावर सोसायटीने त्यांना पहिलं काम सांगितलं ते तुळशी वृंदावनाचं. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली इमारत, मागे लहानशी बाग. दिवाळी तोंडावर आली होती. मार्तंडांनी दहा दिवसांत बागेत वृंदावन उभं केलं आणि तुळशीचं लग्न झकास लागलं. मग पावसाळा येऊन गेला. दुसऱ्या कार्तिकात अंतरपाट धरला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की वृंदावन चार इंच पुढे कललंय, तेही बरोबर बाळकृष्णाच्या दिशेने. मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाटाचं एक टोक मार्तंडांच्या हातात होतं. तेवढ्यात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "नवरीला भलतीच घाई झालेली दिसतेय!"

पन्नास माणसं हसली. गुरुजी मंगलाष्टकाची ओळ विसरले. हे कोणीतरी म्हणजे मी.

जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या जिभेला लगामही नाही. त्या दिवसापासून मार्तंड बागेत गेले नाहीत. बँकेत जायचे, डॉक्टरकडे जायचे, लिफ्टमधून उतरून थेट गेटबाहेर. पण संध्याकाळी खाली जाऊन चार माणसांत बसणं संपलं. त्याऐवजी ते घरातच चालायला लागले. हॉलच्या खिडकीपासून फ्रिजपर्यंत आणि परत, सकाळी साठ फेऱ्या, संध्याकाळी साठ. खाली का जात नाही विचारलं, तर म्हणायचे, "डास आहेत." पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

असे पंधरा महिने गेले. पंधरा महिन्यांत मला 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द म्हणता आले नाहीत. मला माझा नवरा परत खाली जायला हवा होता, कारण माझ्यामुळेच तो वर अडकला होता. पुढे या गोष्टीत शेड, घुशी, मासे असं बरंच काही येईल, पण माझं सगळं लक्ष या एकाच गोष्टीवर होतं.

शेडचा विषय फेब्रुवारीच्या सभेत निघाला. बागेची अवजारं, गवत कापायचं मशीन, पाण्याची लांब नळी आणि गणपतीच्या मांडवाचे पाईप असं सगळं मीटररूममध्ये कोंबलेलं होतं. मीटर बघायला येणाऱ्या माणसाने यापुढे आत पाऊल टाकणार नाही असं सांगितलं होतं. आमचा सेक्रेटरी नितेश चौतीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटरवर काम करतो आणि सगळ्या वस्तू फोनवरून मागवतो. त्याने सहा फूट बाय आठ फुटांची प्लास्टिकची शेड मागवली होती. ती सुट्या भागांच्या रूपात आलीही होती. सोबत एक पुस्तिका होती. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की शेड उभारण्यापूर्वी योग्य पाया निवडावा. ते पान नितेशने शेड आल्यावर वाचलं.

आमचे चेअरमन चंद्रप्रकाश दिंडोशीच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी लगेच मुद्दा काढला. "पाया पक्का की तात्पुरता? पक्का असेल तर परवानगी लागेल. तात्पुरता असेल तर त्याला पाया कसं म्हणायचं?"

यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली सुगंधा म्हणाली, "अरे, लाकडी फळ्यांवर ठेवा ना यार, एवढं काय त्यात?" कोणी म्हणालं, खडी पसरा. नितेश म्हणाला, "पेव्हर ब्लॉक टाकू, एका दिवसात विषय संपला." मी उभी राहिले आणि म्हणाले, "पाया आमचे हे निवडतील."

सुगंधा पंख्याकडे बघायला लागली. चंद्रप्रकाशनी विचारलं, "केळुसकरांची संमती आहे?"

"आहे," मी म्हटलं. मार्तंडांना यातलं काहीही माहीत नव्हतं. संमती असल्याची इतिवृत्तात नोंद झाली.

घरी आले तेव्हा त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. मी सांगून टाकलं. ते न थांबता म्हणाले, "तू मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"मी करणार नाही."

"बरं. मग नितेश पेव्हर टाकून त्याच्यावर ठेवतोय."

ते फ्रिजपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "पेव्हर कशावर?"

"मातीवर."

"कसल्या मातीवर?"

"मला काय ठाऊक! मातीसारखी माती."

ते येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसले. संध्याकाळच्या साठ फेऱ्यांमधल्या बावीस बाकी होत्या. "मृणाल," ते म्हणाले, "उद्या सकाळी खाली जा आणि खड्डा काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी बागेत उभी होते. सोबत भाऊ होता. भाऊ आमचा माळी, मालवणकडचा, इमारत झाल्यापासून इथेच आहे. मार्तंड तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कानाला मोबाईल लावून उभे. त्यांचा आवाज फोनशिवायही व्यवस्थित ऐकू येत होता, पण फोन चालू ठेव म्हणाले, तांत्रिक काम आहे.

"एक फुटावर काय?"

"काळी माती."

"दीड फूट?"

"फरशीचे तुकडे. सिमेंटच्या गोणीचा गोळा. एक चप्पल."

"दोन फूट?"

"कमोड."

"अख्खा?"

"अर्धा."

"लिहून घे."

मी लिहून घेतलं. भाऊ कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "वैनीनू, ह्या सगळा भराव आसा. बिल्डरान मोडलेल्या बिल्डिंगीचा डेब्रिज हयसरच टाकल्यान." साडेतीन फुटांवर पहार टणकन वाजली आणि पिवळसर कडक मुरूम लागला. मी ते फोनवर सांगितलं. मी मान वर केली, तर मार्तंड खड्ड्याकडे नाही, त्याच्या पलीकडे वृंदावनाकडे बघत होते.

पुढचा आठवडा निवडीत गेला. निवडायचे मार्तंड आणि चौकशीला खाली पाठवायचे मला. पेव्हरचं काय, असं मी भाऊला विचारलं. तो म्हणाला, "पेव्हर म्हणजे घुशीक आयतां छप्पर." आमच्या बागेतल्या घुशी मांजरापेक्षा मोठ्या आहेत आणि मांजर ते जाणून आहे. पेव्हर बाद झाले. लाकडी फळ्यांना वाळवी लागली असती. तळमजल्यावरच्या एका घराची चौकट वाळवीने खाऊन नुसता रंग उभा ठेवला होता, तो मला हात लावून बघायला सांगण्यात आलं. मी हात लावला, आणि ती चौकट पुढे सोसायटीने बदलून दिली. खडी पसरली तर मुलं ती उचलून फेकणार आणि काचा फुटणार, त्यासाठी चौकशीची गरज पडली नाही.

"मग सरळ मातीवरच काँक्रीटचा स्लॅब टाकला तर?" मी विचारलं.

मार्तंडांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "ते एकदा करून झालंय," ते म्हणाले. मी चहा ठेवायला उठून गेले.

शेवटी त्यांनी जोतं ठरवलं. गावाकडे घर ज्या चौथऱ्यावर उभं राहतं, ते जोतं. भराव काढून मुरुमापर्यंत जायचं, तिथून दगड रचायचे, चारी बाजूंना विटांचं बांधकाम, आत मुरूम ठोकून भरायचा आणि वर लोखंडी जाळी टाकून काँक्रीट. घुशीला शिरायला जागा नाही, वाळवीला खायला काही नाही. जुलैमध्ये बागेत पाणी तुंबतं, म्हणून उंची जमिनीपासून सव्वा फूट. सहा बाय आठच्या प्लास्टिकच्या शेडला एवढं कशाला, असं नितेश म्हणाला. मार्तंडांनी माझ्याकरवी निरोप पाठवला की शेड दहा वर्षांनी बदलता येते, पाया बदलता येत नाही.

चंद्रप्रकाशना पक्क्या बांधकामाची धास्ती होती. त्यांच्यासाठी मार्तंडांनी पत्र लिहिलं: 'जोतं हा जमिनीचाच उंच भाग आहे. शेड चार बोल्टवर उभी राहील. बोल्ट काढल्यास सोसायटीपाशी फक्त उंच जमीन उरेल.' चंद्रप्रकाशनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यात खोट काढता येणार नाही." मग त्यांनी पत्रासोबत पाठवलेल्या जोत्याच्या नकाशाची गुंडाळी कोपऱ्यापुरती उलगडून सही केली आणि परत गुंडाळून माझ्या हातात दिली. आमच्या कमिटीत कागद असेच मंजूर होतात. सही कुठे करायची तेवढं बघतात.

दोन गवंडी आले, खोदाई झाली, दगड बसले, विटा चढायला लागल्या. इतके दिवस मार्तंड गॅलरीत आणि मी खाली. विटांचा शेवटचा थर यायच्या आधी लेव्हल तपासायची होती. त्यासाठी लांब पारदर्शक नळीत पाणी भरतात. दोन माणसांनी दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्या उंचीला खूण करायची. भाऊच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून एक टोक माझ्याकडे आलं आणि दुसरं एका गवंड्याकडे. मी टोक धरलं मात्र, तो म्हणाला, "बरोबर आहे." तो वाकलाही नव्हता.

वरून फोन आला नाही. मी गॅलरीकडे पाहिलं तर ती रिकामी होती.

दुपारचे दोन वाजले होते. भाऊ आणि दुसरा गवंडी जेवायला गेले होते, बागेत बाकी चिटपाखरू नव्हतं. मार्तंड घरातल्याच चपला घालून खाली आले. बागेच्या फरशीच्या कडेशी येऊन थांबले. काही बोलायचं नाही हे मला त्या वेळी बरोबर सुचलं. मग ते मातीत उतरले, गवंड्याच्या हातातून नळी घेतली आणि त्याला म्हणाले, "तू जेवून ये."

ते त्यांच्या कोपऱ्यात उकिडवे बसले, मी माझ्या कोपऱ्यात. आमच्यामध्ये दहा-अकरा फुटांची नळी.

"अहो," मी म्हटलं.

"हं."

"त्या दिवशी मी बोलायला नको होतं. चुकलं माझं."

त्यांनी डोळा पाण्याच्या रेषेला लावला होता. "नळी हलवू नकोस," ते म्हणाले.

मी हात स्थिर केला. पाणी वर-खाली होऊन थांबलं. त्यांनी पेन्सिलने खूण केली, मीही केली. दुसऱ्या कोपऱ्यावर गेलो, तिथे खूण केली. तिसऱ्या कोपऱ्यावर बसल्यावर ते म्हणाले, "तू खोटं कुठे बोललीस? कललेलीच होती ती."

"म्हणून काय पन्नास माणसांत बोलायचं?"

"लोक हसले त्याचं मला काही नाही, मृणाल. लोक हसतातच. मी खड्डा काढला नव्हता." त्यांनी नळीवरून नजर काढली नाही. "छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मानगुटीवर बसून सांगितलं, आधी खड्डा काढा. आणि आपल्या तुळशीला मी खड्डा काढला नाही. दिवाळी जवळ आली म्हणून."

"हे कोणाला तरी ठाऊक होतं का?"

"मला होतं ना. गॅलरीतून रोज दिसतं ते."

पंधरा महिने मी समजत होते की सगळं माझ्या जिभेमुळे झालं. तसं नव्हतं हे ऐकून मला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. हा माणूस एवढे दिवस एकट्याने स्वतःला शिक्षा करत होता आणि मी बाजूच्या खोलीत बसून स्वतःचीच काळजी करत होते. मला रडू आलं, हात हलला आणि नळीतलं पाणी डुचमळलं.

"आता ते दहा मिनिटं थांबणार नाही," मार्तंड म्हणाले. "राहू दे."

मग आम्ही नळीची दोन टोकं धरून तसेच बसून राहिलो. उन्हाने माझी पाठ भाजून निघाली.

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. तसं काही झालं नाही. मार्तंड खाली यायला लागले, पण दुपारी दोनला, बागेत कोणी नसताना. काँक्रीट पडलं तेसुद्धा त्यांनी भर दुपारी टाकून घेतलं आणि मुलं शाळेतून यायच्या आत वर निघून आले. संध्याकाळी साठ फेऱ्या चालूच.

काँक्रीट पडलं की त्याला चौदा दिवस पाणी पाजावं लागतं, नाहीतर तडे जातात. मार्तंडांनी जोत्याच्या वर चारी कडांना मातीचे बांध घातले आणि मधे दोन इंच पाणी भरून ठेवलं. चौथ्या दिवशी डासांची तपासणी करणारा पालिकेचा माणूस आला. त्याने भर उजेडात टॉर्च लावून पाणी बघितलं आणि वहीत लिहायला सुरुवात केली. "साचलेलं पाणी," तो म्हणाला.

"क्युरिंग आहे ते!" मार्तंड गॅलरीतून ओरडले.

त्याने वर पाहिलं. "डासांना काय त्याचं, आजोबा?"

मी त्या माणसाला सावलीत बसवून सरबत दिलं आणि चौदा दिवसांचं गणित समजावलं. माणूस चांगला होता. म्हणाला, पाणी काढा, नाहीतर गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. दुपारी तोच पिशवीतून चाळीस गप्पी मासे घेऊन आला. ऊन लागू नये म्हणून भाऊने अर्ध्या पाण्यावर ओली गोणपाटं धरली. नितेशने सोसायटीच्या ग्रुपवर शेडच्या कामाची प्रगती कळवली. चंद्रप्रकाशनी खाली लिहिलं, 'ठराव शेडचा झाला होता. मत्स्यपालनाचा नव्हे. नोंद घ्यावी.'

मासे बघायला त्याच संध्याकाळी सगळ्या इमारतीतली मुलं जमली. मी भाजी निवडत होते आणि मार्तंड खिडकी ते फ्रिज करत होते. खिडकीपाशी पोचले आणि ओरडले, "ए! बिस्किटं टाकू नका!" कोणी ऐकलं नाही. पुढच्या फेरीला ते परत ओरडले. तिसऱ्या फेरीला फ्रिजकडे वळायच्या ऐवजी ते दाराकडे वळले. लिफ्टचं दार आपटल्याचा आवाज आला. मी निवडलेली भाजी आणि देठं एकाच टोपलीत टाकली आणि गॅलरीत धावले.

खाली वीस मुलं, त्यांच्या आया आणि बाकावरची सगळी म्हातारी मंडळी होती. मार्तंड त्यांच्या मधोमध उभे राहून बिस्किटाने पाणी कसं नासतं ते सांगत होते. सुगंधा ओरडली, "अरे केळुसकर! कुठे गायब होतात एवढे दिवस?"

"वर होतो," मार्तंड म्हणाले.

"मग बरंय. मला वाटलं गावाला गेलात." आणि ती मासे बघायला लागली. वृंदावनाचा विषयसुद्धा निघाला नाही. पंधरा महिने आम्ही दोघं ज्याला घाबरत होतो ते एवढंच निघालं.

पुढचे दहा दिवस ते रोज संध्याकाळी सहाला बिस्किटांवर पहारा द्यायला खाली जात होते. चौदाव्या दिवशी पाणी काढलं. मासे भाऊने पाण्याच्या टाकीजवळच्या पिंपात सोडले. पंधराव्या संध्याकाळी सहा वाजले आणि मार्तंड खिडकीपासून फ्रिजपर्यंत चालायला लागले. मी विचारलं, "जात नाही खाली?"

"कशाला? मासे नाहीत आता."

मला इतका राग आला की मी फ्रिजसमोर खुर्ची आणून ठेवली. ते खुर्चीला वळसा घालून गेले. त्यांना खाली जायला काहीतरी काम लागत होतं, आणि काम संपलं होतं.

दोन आठवड्यांनी, रविवारी, शेड उभारायचं ठरलं. सकाळपासून खाली खटाखट चालू होती आणि अर्धी सोसायटी बघायला जमली होती. मार्तंड पेपर वाचत बसले. "माझं काम जोत्यापुरतं होतं," म्हणाले, "पुढचं ते करतील." मी गॅसवर डाळ ठेवली.

साडेअकराला बेल वाजली. दारात नितेश. तो लिफ्टने आला होता तरी धापा टाकत होता. "काका, लोचा झालाय. जोतं मोठं झालंय. शेड बसली, पण पुढे दोन फूट उरतंय. चंद्रप्रकाश काका टेप घेऊन मोजतायत, सगळे उभे आहेत, तुम्हाला विचारतायत."

परत पन्नास माणसं, परत याच माणसाचं काम, परत मापात चूक. मी मनात म्हटलं, देवा, आता हा जन्मात खाली उतरायचा नाही, आणि यात त्याला मीच ढकललं.

मार्तंडांनी पेपरची घडी घातली. आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. कपाटावरची नकाशाची गुंडाळी काढली आणि नितेशला म्हणाले, "चल." मी मागोमाग निघाले.

हिरवी शेड जोत्यावर मागच्या बाजूला उभी होती. तिच्या दारापुढे दोन फूट रुंद आणि आठ फूट लांब काँक्रीटची पट्टी मोकळी राहिली होती. चंद्रप्रकाश टेप हातात धरूनच म्हणाले, "केळुसकर, ठराव सहा बाय आठचा होता. हे आठ बाय आठ भरतंय."

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. आणखी दोघी-तिघींनी पाहिलं. मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी दात इतके घट्ट मिटले की कानशिलं दुखली.

मार्तंडांनी नकाशा त्या पट्टीवर उलगडला. "नकाशात आठ बाय आठच आहे. तुमची सही आहे खाली."

चंद्रप्रकाशनी सही बघितली. ती त्यांचीच होती. "पण हे दोन फूट कशासाठी?"

"बसायला."

"कोणाला?"

"मला," मार्तंड म्हणाले, आणि बसले. पाय बरोबर जमिनीला टेकले.

नितेश म्हणाला, "काका, पण सव्वा फूट उंची तर पावसाच्या पाण्यासाठी होती ना?"

"पाण्याला नऊ इंच पुरली असती."

मी नकाशावर वाकले. कोपऱ्यात तारीख होती, नऊ फेब्रुवारी. म्हणजे खड्डा काढल्यानंतरच्याच आठवड्यातली, ते पहिल्यांदा खाली उतरले त्याच्या कितीतरी आधीची. कारखान्याच्या सवयीने त्यांनी प्रत्येक भागावर किती भार येणार ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. मागच्या भागावर लिहिलं होतं, शेड आणि अवजारं. पुढच्या पट्टीवर लिहिलं होतं, माणसं, दोन.

मार्तंडांनी बाजूच्या जागेवर हात ठेवला. "बसतेस ना?"

"गॅसवर डाळ आहे," मी म्हटलं.

"मग बंद करून ये."

लिफ्ट सातव्या मजल्यावर होती. मी जिन्याने गेले. डाळ खाली लागली होती. गॅस बंद केला, डोळ्यांवर पाणी मारलं आणि जिन्यानेच परत आले. तोपर्यंत माझ्या जागेवर सुगंधा येऊन बसली होती. मी तिला उठवलं.